अडीच चुका

आमचे मालक दर मंगळवारी सकाळी दहा वाजता अंधेरीच्या गाळ्यांवर अचानक येत. 'दर मंगळवारी' आणि 'अचानक' हे शब्द एका वाक्यात नांदत नाहीत, हे मला कळतं. मालकांना कळत नसे. त्यांच्या मते ते अचानकच येत, आणि वर कुणी ओळखू नये म्हणून वेष पालटून येत.

वेष म्हणजे काळा गॉगल आणि डोक्याला गुंडाळलेला मफलर. मे महिन्यातसुद्धा मफलर. बाकी सगळं नेहमीचंच: तोच पांढरा बुशकोट, तीच करकरणारी चप्पल, तेच घसा खाकरणं. मोटार दिसू नये म्हणून ती कोपऱ्यावरच्या पिंपळामागे उभी करायला लावत. मग तोच ड्रायव्हर आमच्या दारावर येऊन पहारेकऱ्याबरोबर चहा पीत बसे आणि 'शेठ आज जरा तापलेत' वगैरे बातम्या देई.

"मला एक गाळा भाड्याने बघायचा आहे," मालक मला म्हणत. "मी छत्रीचे दांडे बनवतो."

कधी छत्रीचे दांडे, कधी कंगवे, कधी पेनाच्या निबा. माझ्या पहिल्या मंगळवारी मी खुळ्यासारखा पुढे झालो आणि म्हणालो, "नमस्कार मालक!" त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, की कोणता मालक आला आहे. दारावरच्या तात्यांनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. तात्या मालवणचे, आणि इमारतीइतकेच जुने.

"तेंका वळखू नकात," ते कुजबुजले. "मागच्या मॅनेजरान वळखल्यान. तो आता गावाक भात लावता."

त्या दिवसापासून मी मालकांना ओळखलं नाही.

मी त्यांचा अंधेरीचा मॅनेजर. कुर्ला रोडच्या आतल्या अंगाला त्यांची दुमजली इमारत होती, चौदा गाळ्यांची. घाटकोपरला त्यांची गोदामं होती, मुलुंडला दुकानांची ओळ. तिन्हीकडे एकेक मॅनेजर, आणि तिघांवर नजर ठेवायला हे एकटे. मूळचे शिंपी. लढाईच्या काळात गणवेश शिवून दोन पैसे गाठीला बांधले, आणि अंधेरीत कोल्ह्यांखेरीज भाडेकरू मिळायचा नाही अशा दिवसांत जमीन घेतली. लोकांनी वेड्यात काढलं. लोक चुकले होते असं म्हणणार होतो, पण अगदी चुकले होते असंही नाही.

गाळे दाखवता दाखवता मालक हळूच विचारत, "तुमचा मालक कसा आहे हो?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "देवमाणूस." गुरुवारी मालकांचं कार्ड आलं: 'खुशामत नको.' पुढच्या खेपेला मी म्हणालो, "जरा तिरसट आहेत." कार्ड आलं: 'निंदा नको.' तिसऱ्या खेपेला म्हणालो, "ठीक आहेत." कार्ड आलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी 'ठीक आहेत' यावरच काढली.

माझ्या कचेरीत खुर्ची नव्हती. "मॅनेजर बसला की इमारत बसते," हे मालकांचं लाडकं वाक्य. छातीइतक्या उंच टेबलाशी उभा राहून मी पत्रं लिहीत असे. नवीन भाडेकरू आला की मला पोस्टातला माणूस समजून तिकिटं मागे.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा म्हणजे फुली. घाटकोपरचे पहिले मॅनेजर दर आठवड्याला 'सर्व ठीक' असं सुंदर अक्षरात लिहून पाठवत. वर्षभराने मालक सहज तिकडे गेले, तर गोदामाची मागची भिंत चार महिन्यांपूर्वीच पडलेली, आणि आत कुणाच्या तरी म्हशी रवंथ करत बसलेल्या. "कागदावर भिंत पडत नाही," असं त्यानंतर ते म्हणायला लागले. शिंपीकामातला चपटा खडू त्यांच्या खिशात असायचाच. दर फेरीत कुणाचं लक्ष नसताना ते इमारतीत कुठेतरी बोटाएवढी फुली मारून जात. ती शोधून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मॅनेजरने कळवायची. मग उत्तर येई, 'बरोबर' किंवा 'चूक'. तीन चुका झाल्या की नोकरी संपली. घाटकोपरचे दुसरे मॅनेजर तसेच गेले.

फुली कुठेही असे. पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली, मीटरच्या पेटीमागे, संडासाच्या कडीवर. ती शोधताना मला इमारतीतला प्रत्येक नळ, प्रत्येक तडा पाठ झाला. गळती लागली की भाडेकरूच्या आधी मला कळे. आज कबूल करतो, माणूस वेडा होता, पण त्याच्या तिन्ही इमारती शहाण्यासारख्या उभ्या होत्या.

माझ्या दोन चुका झाल्या, त्या हलत्या वस्तूंमुळे. एकदा त्यांनी फुली मारली सुताराच्या गाळ्यातल्या एका फळीवर. मी तिथे पोचेपर्यंत त्या फळीचं कपाट होऊन ते मुलुंडला गेलं होतं. दुसऱ्यांदा मढच्या मावशीच्या टोपलीवर. ही मावशी कोळीण. सुके बोंबील ठेवायला तिने तळमजल्याचा कोपऱ्यातला गाळा घेतला होता. टोपली बाजारात गेली, टोपलीबरोबर फुली गेली.

"हलत्या वस्तूवर फुली मारणं हा अन्याय आहे," असं मी धीर करून मालकांना लिहिलं. उत्तर आलं: 'इमारतीत काय आलं आणि बाहेर काय गेलं, हे मॅनेजरला माहीत पाहिजे. चूक.'

आणि नेमकं त्याच सुमाराला माझं लग्न ठरत होतं.

मुलगी पार्ल्याची. पार्ल्याची मुलगी अंधेरीत द्यायची म्हणजे त्या काळी पार्लेकरांना ती परदेशी धाडल्यासारखं वाटे. तिला वडील नव्हते, मामा-मामींनी वाढवलेली. बघण्याच्या दिवशी मामा कोकणात गेले होते, म्हणून मामींनीच मला पाहिलं. माझं रूप, शिक्षण, घराणं यांतलं काहीही मामींना पटलं नाही. पटली ती एकच गोष्ट: मॅनेजरच्या नोकरीबरोबर फाटकावरची खोली मिळते. स्वतंत्र, मोरीसकट. आता हिशेब सरळ होता. तिसरी चूक झाली की नोकरी जाणार, नोकरी गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की मुलगी. मला तर ती पहिल्या भेटीतच फार आवडली होती. पोह्यांची बशी देताना ती हळूच म्हणाली होती, "मीठ जास्त झालंय, मुकाट्याने खा."

तर त्या मंगळवारी मालक आले, छत्रीचे दांडेवाले म्हणून. मी त्यांना जिन्याकडे घेऊन निघालो, तोच फाटकातून काळा कोट, काळी टोपी घातलेले एक वाळके गृहस्थ आत आले.

"मला गाळा बघायचा आहे," ते म्हणाले.

"आपण काय बनवता?"

त्यांनी बराच विचार केला, स्वतःच्या कोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बटणं."

मालकांमधला शिंपी जागा झाला. "कसली? शिंपल्याची की शिंगाची?"

"गोल," गृहस्थ म्हणाले.

मी दोघांनाही घेऊन इमारतभर फिरलो. मालकांनी विचारलं, "तुमचा मालक कसा आहे हो?" मी म्हणालो, "ठीक आहेत." लगेच बटणवाल्यांनी विचारलं, "आणि मॅनेजर कसा आहे?"

"मॅनेजर मीच."

"ते माहीत आहे. कसा आहे?"

"ठीक आहे," मी सवयीने म्हणालो. त्यांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं.

"मॅनेजरला वर खोली मिळते म्हणे. खिडक्या किती? पाणी किती वाजता येतं? जरा बघू या का?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो बटणवाले," मी म्हणालो, "खोली भाड्याने द्यायची नाहीये. मी तिथे संसार मांडणार आहे. तुमच्या बटणांचं तिथे काय काम?"

त्यांनी तेही लिहून घेतलं आणि ते निघून गेले. थोड्या वेळाने मालकही गेले. मी आणि तात्या फुली शोधायला लागलो.

बुधवार गेला. फुली नाही. गुरुवारी सगळी इमारत कामाला लागली. सुताराने एकही फळी बाहेर जाऊ दिली नाही. टाकी उपसली, पत्र्यावर चढलो, गटाराची झाकणं उलटी करून पाहिली. मढच्या मावशीने तर सगळा गाळा रिकामा करून बोंबील रस्त्यावर मांडले.

"मावशी, एवढं कशाला?" मी म्हणालो.

"तू गेलास तर नवा येल तो माझा बोंबील बाहेर काढील ना रं!" ती म्हणाली. "तुला वासाची सवय झाली हाय. दुसऱ्याला परत कोण शिकवील?"

त्या शोधात दोन वर्षांपूर्वी हरवलेली तात्यांची कवळी सापडली, जिन्याखाली व्यालेली मांजर सापडली, टाकीची एक नवी गळती सापडली. फुली तेवढी सापडली नाही.

"मॅनेजरानू, माजा आयका," तात्या कवळी धुऊन तोंडात बसवत म्हणाले. "आपणच खयतरी एक फुली मारूया."

ते मला जमण्यातलं नव्हतं. एक तर मालकांची फुली त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. शिंप्याचा हात होता तो. आणि खोटी फुली दाखवून मिळवलेल्या खोलीत तिला आणायचं, हे मनाला पटेना. शुक्रवार उजाडला तेव्हा मी मनातल्या मनात खोलीचा निरोप घेतला होता.

सकाळी दहाच्या टपालाने कार्ड आलं. बायकी, ठसठशीत अक्षर.

'मंगळवारी आमचे मामा तुमच्याकडे बटणवाले म्हणून चौकशीला आले होते. घरी परतले तेव्हा कोटाच्या पाठीवर खडूची फुली होती. मामी म्हणते, माणसाच्या पाठीवर फुल्या मारणाऱ्यांकडे मुलगी द्यायची नाही. मामा कोर्टातून निवृत्त झाल्यामुळे कोट पुरावा म्हणून खुंटीवर तसाच ठेवला आहे. फुली तुम्ही मारलीत का? लवकर खुलासा करा. मला स्थळ पसंत आहे.'

मी मटकन बसलो. खुर्ची नव्हतीच, जमिनीवर बसलो. फुली सापडली म्हणून हसू येत होतं, आणि सापडली ती अशा ठिकाणी म्हणून रडू. त्यातही ते शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं.

तसाच उठून बस पकडली आणि घाटकोपर गाठलं. मालकांच्या कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

"फुली बटणवाल्यांच्या कोटावर आहे," मी धापा टाकत म्हणालो.

"पाहिलीत?"

"नाही. पत्राने कळलं."

"मग चूक. 'सर्व ठीक' हेही मला वर्षभर पत्रानेच कळत होतं."

आणि माझा बांध फुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी मालकांवर ओरडलो. "अहो, ते बटणवाले नाहीत! माझ्या होणाऱ्या बायकोचे मामा आहेत! तुमच्या फुलीपायी माझं लग्न मोडतंय, आणि तुमच्या तिसऱ्या चुकीपायी खोली जातेय. एका फुलीत किती माणसांचं वाटोळं करायचं याला काही मर्यादा?"

मालक उठले. स्टुलावर चढून त्यांनी घड्याळाचं दार उघडलं आणि लंबक हाताने धरून थांबवला. मग टेबलाच्या खणातून गॉगल आणि मफलर काढला.

"अजून बारा वाजलेले नाहीत," ते म्हणाले. "चला पार्ल्याला."

दार मामींनी उघडलं. आत खुंटीवर काळा कोट पाठ पुढे करून टांगलेला, आणि डाव्या खांद्याखाली पांढरीस्वच्छ फुली. ती पाहून मला जे बरं वाटलं, ते त्या परिस्थितीत वाटायला नको होतं.

"अरे, छत्रीवाले!" मामा मालकांना पाहून म्हणाले. "तुम्ही इथे कसे?"

मालकांना उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. मामींनी तोफ डागली. आमच्यात पाहुण्याच्या पाठीला हात लावत नाहीत, अंधेरीत कसली माणसं राहतात ते कळलं, आणि स्वतंत्र मोरीचं कौतुक आम्हाला सांगू नका. मी खाली मान घालून उभा. मालक मात्र मामींकडे बघतच नव्हते. ते कोटाजवळ गेले, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही फुली ज्याने मारली, त्याला कोट कळतो."

मामा खुर्चीत पुढे सरकले.

"डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. बरोबर तिथेच खूण आहे. हा अपमान नाही हो, हा उपाय आहे. कुणी शिवला हा कोट?"

"माझ्या भावाने," मामी म्हणाल्या.

"दहा वर्षं!" मामा खुर्चीतून ताडकन उठले. "दहा वर्षं मी सांगतोय, खांदा उतरलाय! आणि ही म्हणते, कोट नीट आहे, तुमचा खांदाच उतरलाय!"

मालकांनी सुई-दोरा मागितला. जमिनीवर मांडी घालून, गॉगल तसाच ठेवून, त्यांनी खांद्याची शिवण उसवली आणि पुन्हा घातली. सुई इतकी झरझर चालली की मामीसुद्धा बघत राहिल्या. चहा घेऊन आलेली मुलगी दारात थांबली. तिने त्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं समजलं, हे मला समजलं.

मामांनी कोट चढवला, आरशासमोर उभे राहिले आणि दहा वर्षांत प्रथमच सरळ दिसले. मग त्यांना आपली चौकशी आठवली.

"छत्रीवाले, तुम्ही तिऱ्हाईत माणूस. खरं सांगा. तो मॅनेजर कसा आहे?"

मालकांनी उरलेला दोरा रिळाला गुंडाळला.

"मी त्याला कधी बसलेला पाहिला नाही," ते म्हणाले. "आणि समोरच्याला ओळखलं तरी तो ओळख दाखवत नाही. वर्षानुवर्षं दाखवत नाही. अशा माणसाला मुलगी द्यायला हरकत नसावी."

म्हणजे मला ठाऊक आहे, हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं!

"आणि त्याचा मालक?"

मालकांनी गॉगलच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "फुली?"

"पाहिली."

"बरोबर." आणि ते घाटकोपरला घड्याळ सुरू करायला निघून गेले.

लग्नाला ते आले ते मामांचं आमंत्रण घेऊन, छत्रीवाले म्हणून. मफलर, गॉगल, आणि अहेर म्हणून एक भलीमोठी छत्री. "आमच्याच कारखान्यातला दांडा आहे," त्यांनी मामींना सांगितलं. माझ्या बायकोने वाकून नमस्कार केला आणि तितक्याच गंभीरपणे विचारलं, "कारखाना कसा चाललाय?" ते म्हणाले, "ठीक आहे."

पुढे बरीच वर्षं मंगळवार येत राहिले. फुल्या मी शोधत राहिलो. कधी हिने मला मदत केली, कधी उगाच चुकीच्या ठिकाणी धाडून मजा पाहिली. मामांनी खरोखरच आमच्याकडे एक गाळा भाड्याने घेतला आणि बटणं बनवायला घेतली. गोल.

मग एका मंगळवारी मालक आले ते ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून. गॉगलखाली जाड भिंगं होती. "मी कंगवे बनवतो," ते म्हणाले, आणि मी त्यांना जिन्याकडे घेऊन गेलो. सातव्या पायरीवर ते थांबले. मग चक्क बसले. मालकांना माझ्या इमारतीत बसलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं, आणि मला ते बघवेना.

"तुमचा मालक कसा आहे हो?" त्यांनी विचारलं.

'ठीक आहेत' ओठांवर आलं होतं. पण निघालं ते वेगळंच. "थकलेत," मी म्हणालो. "पण मंगळवारी ते आले नाहीत तर आम्हाला करमायचं नाही."

त्यांनी घसा खाकरला. उठताना माझ्या पाठीवर हात टेकला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि वर न जाताच परत फिरले.

मी आणि तात्यांनी संध्याकाळपर्यंत तळमजला पालथा घातला. मालक सात पायऱ्यांच्या वर गेलेच नव्हते, तरी फुली सापडेना. घरी आलो, हात धुतले, आणि ही मागून म्हणाली, "हलू नका."

माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर होती. निळ्या खडूची, जराशी वाकडी.

तो सदरा आम्ही धुतला नाही. मी कार्ड टाकलं: 'फुली मॅनेजरच्या पाठीवर.' शुक्रवारी उत्तर आलं. अक्षर हललेलं होतं.

'अर्धं बरोबर. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, तेव्हा शोधली ती बटणवाल्यांच्या भाचीने. म्हणून अर्धी चूक धरली आहे. त्यांना आशीर्वाद. छत्रीवाला.'

पुढच्या मंगळवारी दहा वाजता मी फाटकात उभा राहिलो. तात्या चहाचे दोन कप घेऊन पिंपळाकडे बघत होते. मोटार आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. मग घाटकोपरहून निरोप आला.

फळीची एक, टोपलीची एक, आणि ही अर्धी. माझ्या नावावर अडीच चुका आहेत, आणि नोकरी जायला तीन लागतात. उरलेली अर्धी द्यायला मालक पुन्हा आले नाहीत.